काकीची जीभ आणि सत्तावीस नक्षत्रं

एकोणीसशे एकसष्ट साली तोंडवलीच्या किनाऱ्यावर तराजू दोन होते, घड्याळ एक होतं आणि जीभ एक होती. तराजूंवर कोणाचाच विश्वास नव्हता. घड्याळ शाळेतल्या मास्तरांचं, आणि ते मास्तरांसारखंच सुट्टीच्या दिवशी बंद असे. उरली जीभ. ती पद्मावतीकाकी कुबलची. तिच्यावर मात्र अख्खा गाव, आणि वर मालवणचे दोन व्यापारी, डोळे मिटून विसंबून असत.

त्याचं असं होतं. पावसाळा सरला की रापण लागायची. रापण म्हणजे अर्धा गाव दोरीला लागून किनाऱ्यावरून ओढतो ते लांबच लांब जाळं. एखाद्या सकाळी त्यात बांगडा असा भरभरून येई, की वाळूत पाय ठेवायला जागा उरत नसे. एवढ्या मासळीचं करायचं काय? बर्फ त्या काळी लोकांनी ऐकला होता, बघितला नव्हता. मग बायका कोयत्या घेऊन बसत, बांगडे चिरून पोटं साफ करत आणि लाकडी पिंपांत मिठाच्या पाण्यात घालत. मीठ कमी पडलं तर मासा कुजतो, जास्त झालं तर करपल्यासारखा कडक होतो. आणि हे कमी-जास्त ठरवायचं ते पद्मावतीकाकीनं.

ती पिंपाशी येई, करंगळी बुडवी, जिभेच्या शेंड्याला लावी आणि डावा डोळा मिटे. भोवतालच्या बायका गप्प होत. डोळा उघडला की निकाल.

"वाईच कमी. दोन मुठी घाल गो."

पुन्हा करंगळी, पुन्हा डोळा. "आता जमला."

एकदा 'जमला' म्हटलं की ते पिंप पुढच्या मिरगापर्यंत टिकणार, यात संशय नाही. लहानपणापासून चाळीस वर्षं ही करंगळी बुडत होती. काकीचा घोव लवकर वारला, झील, म्हणजे मुलगा, मुंबईला गिरणीत लागला, सून विमला घरात होती. पण विचाराल तर काकीचं खरं घरदार त्या जिभेवर चालायचं. बोलायलाही तीच जीभ होती, आणि त्या कामात तर मिठाचं माप कधीच चुकत नसे. ते नेहमी जास्तच.

अशा ह्या काकीच्या अंगठ्यात आश्विनात शिंगाळा माशाचा काटा घुसला. अंगठा सुजला, म्हणून ती मंगळवारी शाळेच्या पडवीत गेली. मंगळवारी तिथं सरकारी दवाखाना भरायचा. डॉक्टर नवे होते, नाव रविकांत, वय सत्तावीस, घाटावरचे आणि शाकाहारी. तोंडवलीत उतरल्या दिवसापासून नाकावरचा रुमाल त्यांनी काढला नव्हता.

डॉक्टरांनी काटा काढला, पट्टी बांधली, आणि काय मनात आलं कोण जाणे, दंडाला दुसरा पट्टा गुंडाळून रबराचा फुगा दाबायला लागले. पेटीतला पारा चढत गेला. डॉक्टरांनी बघितलं, पट्टा सोडला, पुन्हा बांधला. तिसऱ्यांदाही बांधला.

"काकी, वरचा दाब दोनशे दहा आहे."

"बरो आसा मा?"

"बरा कसला! एकशे चाळीसच्या वर जायला नको."

"डाक्टरानू, वरती जावक माझ्या नशिबात दुसरा काय आसा? दाब तरी जावंदे."

"चक्कर येते का?"

"येता तर. यापारी भाव सांगता तेव्हा."

"डोकं दुखतं?"

"माझा नाय दुखणा. मी बोलाक लागलंय काय लोकांचा दुखता."

रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "गोळ्या देतो. पण मुख्य औषध एकच. मीठ बंद करायचं."

पडवीत एका म्हातारीचा खोकला अर्ध्यावरच थांबला.

"झिला," काकी म्हणाली. 'डाक्टरानू' गेलं आणि 'झिला' आलं, यावरूनच गावानं ओळखायचं ते ओळखलं. "तुझो जल्म कधीचो?"

"चौतीस सालचा."

"मगे तुका म्हायत असाचा नाय. तीस साली शिरोड्याच्या आगरात सरकारान सांगल्यान, मिठाक हात लावू नकात. मी एकोणीस वर्सांची. पदरात मूठभर मीठ बांधलंय, खांद्यार पोलिसाची काठी खाल्लंय, पण गाठ सोडूक नाय. गोरो सायब दमलो. आणि आता आपल्याच राज्यात तू हातात रबराचो फुगो घेवन माका सांगतस, मीठ सोड म्हणान?"

"काकी, तेव्हा सरकार तुमच्यावर मीठबंदी घालत होतं. आज मीठ तुमच्यावर राज्य करतंय."

हे वाक्य बरं होतं, पण डॉक्टरांनी ते रुमालातून उच्चारल्यामुळे वाया गेलं. काकी उठली.

"आणि माझ्या एकटीचो दाब कित्याक मोजलंस? आमी सगळी ह्याच पाण्यार वाढलंव. मोज सगळ्यांचो! गावात धा माणसांक तुझो ह्यो रोग निघालो तर मी मीठ सोडतलंय. नाय निघालो, तर तू माझ्या घराक येवन खारो बांगडो खावचो. भाजून. डोक्यासकट."

डॉक्टरांचा चेहरा रुमालापेक्षा पांढरा झाला. पण माणूस घाटावरचा असला तरी हिमतीचा होता. "कबूल," म्हणाला.

पुढच्या मंगळवारी डॉक्टरांनी पेटी थेट वाळूत मांडली. रापण ओढून झाली होती, त्यामुळे सगळा गाव तिथंच होता. पहिला बसला दाजी. हा काकीचा दीर, रापणीचा म्होरक्या. दोरीला दोन बाजूंनी तीस-चाळीस माणसं लागली की मध्ये उभा राहून दाजी आरोळी देई, 'ओ हो!', आणि त्या 'हो'वर सगळे एकदम ओढत. ती आरोळी खाडीपलीकडच्या गावात ऐकू जाते, असं म्हणत. पलीकडच्या गावातले म्हणत की झोपमोड होते.

पारा चढला. डॉक्टर म्हणाले, "दोनशे तीस."

दाजीनं दोन्ही हात वर केले. "वयनी! मी जिकलंय! तुझे दोनशे धा, माझे दोनशे तीस!"

झालं. त्या क्षणापासून तपासणीची शर्यत झाली. भिकाजी एकशे नव्वद निघाला, तर त्यानं मिशीवर हात फिरवला. शिवा चांगला दांडगा माणूस, पण त्याचा आकडा एकशे वीस. बायकोसमोर त्याची मान खाली गेली. "परत मोजा," म्हणाला, "मी न्ह्यारी करूक नाय हा." डॉक्टर कळवळून सांगत होते की हे परीक्षेचे मार्क नव्हेत, कमी तेवढं चांगलं. पण कमी ते चांगलं, हा हिशेब तोंडवलीत उधारीखेरीज कशालाच लागू नव्हता.

संध्याकाळपर्यंत चौसष्ट मोठी माणसं मोजून झाली. त्यांतली सत्तावीस दाबाची निघाली.

"सत्तावीस," मास्तर चष्मा पुसत म्हणाले. "म्हणजे आकाशात नक्षत्रं आहेत तेवढी!"

ते नाव चिकटलंच. दाजीला मृग म्हणायला लागले, कारण गर्जना त्याची. काकी अर्थात हस्त, हत्तीसारखी अंगावर कोसळणारी. आणि मर्जी असेल तर कामाला येणारा भिकाजी स्वाती.

काकी मात्र हार मानायच्या मनःस्थितीत नव्हती. "सत्तावीस? मगे ह्यो रोग कसो? चौसष्टातल्या सत्तावीस माणसांचे केस कुरळे असले तर कुरळेपणाक रोग म्हणतत? ह्यो आमचो गुण. ह्या किनाऱ्याचो."

डॉक्टर पेटी बंद करत होते. वर न बघता ते म्हणाले, "अर्ध्या गावाच्या होड्यांना भोक असलं, तर भोक हा होडीचा गुण होतो का हो, काकी?"

काकीनं तोंड उघडलं. मिटलं. गावानं हे दृश्य पहिल्यांदाच पाहिलं.

"माझो शबूद आसा," ती शेवटी म्हणाली. "मीठ सोडलंय."

आणि सोडलं. नुसतं तिनंच नव्हे, सगळ्या नक्षत्रांना तिनं सोडायला लावलं. आपण एकटीनं अळणी खायचं आणि दाजीनं चवीनं जेवायचं, हे तिला पटणारं नव्हतं. कालवणात मीठ नाही, पेजेत मीठ नाही, भाजीत नाही. महिन्याभरानं डॉक्टरांनी पुन्हा पट्टा बांधला. काकी दोनशे चौदा. दाजी होता तिथंच, दोनशे तीस.

"बघ!" काकी म्हणाली. "सोडून वाढलो. मीठ होता तेव्हा बरो होतो."

डॉक्टर चक्रावले. दोन दिवसांनी ते न सांगता भर जेवणाच्या वेळी काकीच्या दारात हजर झाले. काकी जेवत होती. ताटात पेज, शेजारी मुळ्याची अळणी भाजी. आणि कडेला, निखाऱ्यावर भाजलेला, मिठाच्या पांढऱ्या कणांनी चमकणारा, वीतभर खारा बांगडा.

"काकी, हे काय?"

"बांगडो."

"पण हा खारा आहे!"

"मगे? बांगडो खारो आसा. मीठ मी खंय खातंय?"

डॉक्टर ओट्यावरच बसले. चौकशी करता कळलं की सत्तावीसच्या सत्तावीस नक्षत्रांनी महिनाभर असंच मीठ सोडलं होतं. वरून मीठ घालायचं नाही. मासा मुळात खारा असेल, तर त्याला माणूस काय करणार? उलट अळणी पेज गळ्याखाली उतरत नाही म्हणून पूर्वी एक बांगडा लागायचा, तिथं आता दोन लागत होते.

"आणि पिंपातलं पाणी तुम्ही दिवसाला किती वेळा चाखता?"

"तीस-चाळीस वेळा. पण ता खाणा न्हय. ता काम."

डॉक्टरांनी त्या दिवशी पहिल्यांदा नाकावरचा रुमाल काढला. शांतपणे सांगितलं, की मीठ कालवणातून जावो, बांगड्यातून जावो की करंगळीवरून, रक्ताला सगळं सारखंच. आणि असंच चाललं तर एक दिवस डोक्यातली नस फुटेल, अर्धं अंग लुळं पडेल. "बहुतेक वेळा वाचाही जाते, काकी. जीभ हलत नाही."

"ही जीभ?" काकीनं विचारलं. विमला हसली. काकीही हसली. मग तिनं ताटातला बांगडा उचलून कोंबड्यांना टाकला. "बरा. बांगडो सोडलंय. पण पिंपार जीभ लावूची मी सोडणा नाय. अळणी जिभेन पिंप चुकला तर गावाचो मासो कुजता. तुका दिल्लो शबूद जेवणाचो. कामाचो नाय."

डॉक्टर सायकल घेऊन गेले.

कार्तिकातल्या एका सकाळी रापण भरून आली. दोन्हीकडे माणसं दोरीला लागली. काकी नेहमीप्रमाणे पिंपांपाशी उभी होती. दाजीनं हात वर केला आणि आरोळी दिली, "ओ..."

'हो' आलंच नाही.

माणसं दोरी ताणून थांबली. कोणी म्हणालं, "दाजी, 'हो' म्हणूक इसारलंस काय रे?" तेवढ्यात दाजी उजव्या बाजूनं वाळूत बसत गेला, भिंत खचते तसा. कोणी तेल आणायला धावलं, कोणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. काकीनं सगळ्यांना ढकलून शिवाला सायकलीवर डॉक्टरांकडे पिटाळलं. दाजी वाचला. पण उजवा हात, उजवा पाय गेला, आणि आवाज गेला.

आठ दिवसांनी काकी त्याला पेज भरवायला गेली. दाजीला काहीतरी सांगायचं होतं. "व..." तो म्हणाला. पुन्हा, "व... व..." घामाघूम झाला. आयुष्यभर काकीनं दुसऱ्याचं बोलणं अर्ध्यावर तोडून स्वतः पुरं केलं होतं. त्या दिवशी ती पहिल्यांदा, पेजेचा वाडगा मांडीवर धरून, समोरच्याचा शब्द पुरा व्हायची वाट बघत बसली. पेज निवली. शब्द पुरा झाला नाही.

काकी घरी आली. भीती वाटली नाही, असं ती पुढे सांगायची, आणि ते खरं असावं. तिला राग आला होता. दाजीसारख्या माणसाचा आवाज काढून न्यायचा, आणि तोही न सांगता, पाठीमागून? काठी मारणारा पोलीससुद्धा समोरून आला होता.

तिनं देवाच्या फळीवरची चिनी मातीची बरणी खाली काढली. शिरोड्याहून पदरात बांधून आणलेलं ते मूठभर मीठ. एकतीस पावसाळ्यांत त्याचा दगड झाला होता.

"विमला, ह्या मीठ मी कधी खाल्लंय?"

"नाय, आये."

"कधी चाखलंय?"

"तुमी आमका हातसुद्धा लावूक दिल्यात नाय."

"एकतीस वर्सा घरात मीठ आसा आणि एक खडो तोंडात घालूक नाय. आणि त्या मेल्या दाबाक वाटता, पद्मावतीक मीठ सोडूक जमाचा नाय? सरकाराक भियालंय नाय, ह्या पेटीतल्या पाऱ्याक भितलंय?" तिनं बरणी पुन्हा फळीवर ठेवली, दाणकन. "आजपासून जिभेक मीठ नाय. करंगळीचासुद्धा नाय."

"आणि पिंपा?" विमलानं विचारलं.

प्रश्न नेमका होता. दुसऱ्याच सकाळी, कोणाच्यातरी फाटक्या आरोळीवर का होईना, रापण आली आणि बांगड्यांचा ढीग पडला. सहा पिंपं भरली. बायका बाजूला होऊन काकीची वाट बघत राहिल्या. काकी आली, आणि हात पदराखाली घेऊन उभी राहिली.

"काकी, जीभ लाव गो," मथुरा म्हणाली. "मासो वाट बघूचो नाय."

"जीभ लावणा नाय."

"मगे आमी काय करूचा? सगळो मासो फुकट घालवचो?"

तोंडवली म्हणजे वाळूची चिंचोळी पट्टी, एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. काकी एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. लहानपणी ती खाडीत खूप वरती, गोड्या पाण्यापर्यंत पोहायला जाई. तिथं अंग जड वाटायचं, सारखे पाय मारावे लागायचे. समुद्रात नुसतं उताणं पडलं तरी पाणी उचलून धरायचं. अंग तेच. फरक मिठाचा.

"विमला, कोंबडीचा अंडा हाड. ताजा. आणि घागरभर गोडा पाणी."

घागरीत अंडं सोडलं, तळाला गेलं. पिंपातून वाडगाभर पाणी काढून त्यात सोडलं, तर वर येऊ की नको करत मध्येच लोंबकळलं. काकीनं पिंपात मुठीनं मीठ टाकायला लावलं आणि वाडगा पुन्हा भरून घेतला. अंडं वर आलं, डोकं बाहेर काढलं.

"आता शेवटची," काकी म्हणाली. करंगळी बुडवली, जिभेला लावली, डावा डोळा मिटला. त्या दिवशी तो डोळा जरा जास्तच वेळ मिटलेला राहिला, असं मथुरा सांगते. मग डोळा उघडला. "जमला. बघून ठेवा सगळी. अंड्याचो रुपयाएवढो गोल पाण्याभायर दिसाक होयो. कमी दिसलो तर मीठ घाला, जास्त दिसलो तर पाणी." आणि घागरीतल्या गोड्या पाण्यानं तिनं खळखळून चूळ भरली, वाळूत थुंकली.

"चाळीस वर्सांची जीभ," सुगंधा पुटपुटली. "अंड्याक काय समाजता?"

"तुझ्यापेक्षा जास्त समाजता. आणि तोंड गप ठेवता."

त्यानंतर दर मंगळवारी शाळेच्या पडवीत जे चालायचं ते बघण्यासारखं होतं. दाजीची आरोळी गेली, म्हणून काकीनं आपली सुरू केली. "ओ हो! चला नक्षत्रां, भायर पडा!" भिकाजी माडावर चढून बसला तर ती बुंध्याशी कोयती घेऊन बसे. सर्पगंधाच्या गोळ्यांनी नाक चोंदतं, अशी तक्रार आली, तर म्हणाली, "बरा आसा. सुगंधाच्या घरावरसून जाताना उपयोग होतलो." डॉक्टरांशी मात्र तिनं घासाघीस केली. ते म्हणत होते, खारा बांगडा कायमचा बंद. काकीनं तडजोड ठरवली. रविवारी एक तुकडा, तोही रात्रभर भिजवून, तीन पाण्यांतून काढलेला. ह्या बांगड्याची चव ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते, यावर गावाचं एकमत होतं. खाल्ला मात्र सगळ्यांनी. दोन महिन्यांत काकीचा पारा एकशे सत्तरावर आला.

आणि मग मालवणहून हरिश्चंद्र शेट मासा न्यायला आले. काकीच्या जिभेवर विसंबणाऱ्या दोघा व्यापाऱ्यांतले हे मोठे. मजुरांनी पिंपं उघडायला घेतली, पण शेटनी हात वर केला.

"थांबा. ह्या खेपेक जीभ लागूक नाय असा ऐकलंय. खरा काय, काकी?"

"खरा."

"अंड्यान माप घेतल्यात?"

"अंड्यान."

"मगे माका नको. वीस वर्सा मी तुमच्या जिभेर मासो नेतंय, कोंबडीच्या भरवशार न्हय."

बायकांचे चेहरे उतरले. सहा पिंपं म्हणजे त्यांचा अख्खा पावसाळा. मथुरानं काकीचा पदर ओढला. "एकदा लाव गो. एकदाच. करंगळीन काय होता?"

तेवढं सोपं होतं खरं. एक करंगळी, एक डोळा मिटणं. किनाऱ्यावर दाजीला घोंगडीवर आणून बसवलेलं होतं. तो बघत होता.

काकी पुढे झाली. कोयतीच्या टोकानं पहिल्या पिंपाचं झाकण उचकटलं, खोल हात घालून तळातला बांगडा काढला आणि शेटच्या हातात ठेवला. "मोड."

शेटनी मोडला. आत घट्ट, लालसर, नाकाला झोंबेल असा वास, पण कुजका नाही. दुसऱ्या पिंपातला मोडला. तिसऱ्यातला. सहाच्या सहा मोडून झाले तेव्हा शेट बोटं हुंगत म्हणाले, "मासो बरो आसा, ता मी नाय म्हणणा नाय. पण रीत ती रीत. एकदा जीभ लावा, काकी, माझ्या समाधानाक. जीभ आसा मा अजून?"

पद्मावतीकाकीनं कमरेवर हात ठेवले आणि सगळ्या गावासमोर, मालवणच्या त्या वजनदार व्यापाऱ्याच्या तोंडापुढे, लांबलचक जीभ बाहेर काढून दाखवली. चांगली दहा आकडे मोजेपर्यंत आत घेतली नाही.

"बघितलंस? आसा. जाग्यार आसा, आणि हलता. ती आता तुझ्या पिंपाची न्हय, माझी. मासो होयो तर ने, नको तर जा."

घोंगडीवरून एक आवाज आला. दाजी हसत होता. तोंडाची एकच बाजू हलत होती, पण हसणं पुरतं होतं. मग रापणीवरची माणसं हसली, मग बायका, आणि शेवटी, नाइलाजानं, हरिश्चंद्र शेट.

"उचला रे," ते मजुरांना म्हणाले. मग काकीकडे वळून जरा हळू आवाजात विचारलं, "डाक्टर मंगळवारी येता मा? माका पण हल्ली जिने चढताना..."

"रांगेत उभो ऱ्हव," काकी म्हणाली. "अठ्ठाविसावो."